खोब्रागडे सिस्टरचा विंचू

खोब्रागडे सिस्टर मला आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल जे काही चांगलं लिहीन ते नाइलाजाने लिहिलंय, हे वाचणाऱ्याला कळेल. त्यांच्यात न आवडण्यासारखं काही नव्हतं. कामाला चोख, सुट्ट्या कमी, पाठीमागे बोलण्याची सवय नाही. मला खुपायचं ते एवढंच, की त्या बाकी सगळ्यांना आवडायच्या.

आमचा अमरावतीचा दवाखाना सांध्यांचा. गुडघे आणि खुबे बदलून द्यायचे. मी तिथे वॉर्डची इन्चार्ज. नर्सिंगची पदवी, वीस-बावीस वर्षांची नोकरी, टेबलावर काच आणि काचेखाली ड्यूटी-चार्ट. खोब्रागडे अकोटच्या. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची आणि मुलगी नर्स झाली पाहिजे हे दोघांनी मिळून ठरवलेलं. त्या माझ्याच वयाच्या, आमच्याकडे आल्या तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास. बुटक्या, रुंद, चष्म्याच्या दांड्या बँडेजच्या पट्टीने गळ्यात अडकवलेल्या. त्या चालत आल्या तरी आवाज व्हायचा नाही, त्यामुळे आपण काही बोलत असलो की त्या मागे उभ्या आहेत की काय, असं मला सारखं वाटायचं. बहुतेक वेळा नसायच्या.

आमच्या वॉर्डच्या भिंतीवर चेहऱ्यांचा एक तक्ता आहे. एका टोकाला हसरा चेहरा, त्याखाली शून्य. दुसऱ्या टोकाला रडका, त्याखाली दहा. ऑपरेशननंतर दर काही तासांनी पेशंटला विचारायचं, शून्य ते दहा, किती दुखतं? आणि आकडा फाइलमध्ये लिहायचा. हे शास्त्र आहे आणि मी ते कधी चुकवलं नाही. पण आमचे पेशंट शास्त्र शिकून येत नाहीत. कोणी "पन्नास" म्हणायचं. एका आजोबांनी नीट विचार करून "बारा आणे" असं उत्तर दिलं होतं. आणि बायका तर तक्त्याकडे पाहून लाजायच्या. रडका चेहरा दाखवला तर लोक काय म्हणतील, म्हणून हसऱ्यावर बोट ठेवायच्या.

खोब्रागडे तक्त्याकडे पाठ करून स्टुलावर बसायच्या आणि विचारायच्या, "मुंगी हाय का बोंड? बाभूळ हाय का इचू?"

एवढंच. मुंगी चावली तेवढं, का वाळलेल्या बोंडाचं टोक कापूस वेचताना बोटात घुसतं तेवढं, का बाभळीचा काटा पायात मोडला तेवढं, का विंचू. अकोट-अंजनगावकडच्या माणसाला या चार गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. उत्तर ताबडतोब यायचं, आणि खरं यायचं. त्यांचा नियमही ठरलेला होता : "दुखनं इच्वाच्या खाली ठेवाचं. बोंडावर आलं का चालवाचं." म्हणजे दुखणं शून्यावर आणायच्या भानगडीत पडायचं नाही. शून्यावर आणायला जाल तर पेशंट झोपून राहील आणि गुडघा आखडेल. बोंड टोचत असतानाही बाई शेताचं दुसरं टोक गाठते, तसं पेशंटने वॉकर धरून दारापर्यंत जायचं.

मी त्यांना बोलावून सांगितलं, की फाइल हा कायद्याचा कागद आहे, त्यात बाभूळ चालणार नाही. त्या म्हणाल्या, "हो मॅडम." तेव्हापासून त्या बाभळीचे सात लिहायला लागल्या. पण चार दिवसांनी मोठे डॉक्टर राउंडला आले आणि बेडपाशी उभं राहून त्यांनीच विचारलं, "काय सिस्टर, विंचू का बाभूळ?" तेव्हा मी फाइल इतक्या जोरात मिटली की पेशंट दचकला.

आता कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गुडघा बदलताना पायाची नस बधिर करतात. ती बधिरता संध्याकाळपर्यंत टिकते आणि मग उतरते. साध्या गोळ्या, सलाइनमधलं औषध आणि बर्फ यांवर बऱ्याच जणांचं भागतं. काहींचं भागत नाही. त्यांना थोडंसं मॉर्फिन लागतं. मॉर्फिन म्हणजे अफूपासून केलेलं औषध, त्यामुळे त्याचा कायदा कडक. पुढे तो पुष्कळ सैल झाला, पण माणसं सैल झाली नाहीत. नोंदवही, तपासणी आणि लफडं नको म्हणून अनेक दवाखाने ते ठेवतच नाहीत. पेशंटला दात आवळून पडून राहायला सांगतात. आमच्या डॉक्टरांनी रीतसर परवानगी घेऊन ते ठेवलं. कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी त्या पाळीच्या सीनियर सिस्टरकडे, म्हणजे बहुतेक वेळा खोब्रागडेंकडे. डॉक्टरांचा लेखी आदेश, वहीत नोंद, दिलेलं किती, उरलेलं किती. उरलेलं दुसऱ्या सिस्टरच्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये सोडायचं आणि दोघींनी सह्या करायच्या. रिकामी काचेची कुपी फेकायची नाही, डब्यात ठेवायची. हे नियम मी घालून दिले होते. भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेले होते.

दुखणं ओळखण्यात आणि सोंग ओळखण्यात खोब्रागडे सारख्याच तयार होत्या. अकोटकडची एक आजी, सुभद्राबाई, ऑपरेशनच्या संध्याकाळी मला म्हणाली, "काई नाई दुखत, माय." मी शून्य लिहिलं. अर्ध्या तासाने खोब्रागडे आत गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "मॅडम, तिनं चहा नाई पेला. कपाले हातच नाई लावला. दोनी हातानं पलंग धरून हाय." मग स्टुलावर बसून तेच विचारलं. आजी हळूच म्हणाली, "इचू हाय वं बाई. पन पोरगा बाहीर उभा हाय, त्याले नको सांगू." डॉक्टरांनी आदेश दिला, कपाट उघडलं. नंतर खोब्रागडे तिच्या गळ्यातल्या पोतीकडे बघत बसल्या. मला वाटलं, ध्यान लावलंय. त्या श्वास मोजत होत्या. या औषधाने श्वास मंदावू शकतो, आणि झोपलेल्या बाईचा श्वास मोजायला गळ्यातली पोत बरी पडते, वर-खाली होताना स्पष्ट दिसते. माझं शून्य मात्र त्या फाइलमध्ये आजही आहे.

दुसरे होते बडनेऱ्याचे एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. घरी जाताना जड गोळ्या चारच दिवसांच्या मिळाल्या होत्या. दीड महिन्याने ते परत आले. ओळखीचा केमिस्ट इतके दिवस देत होता, तो आता चिठ्ठीशिवाय गोळी देत नाही, तुम्ही चिठ्ठी द्या, दुखणं विंचवासारखं आहे, असं त्यांचं म्हणणं. कुठून तरी शब्द शिकून आले होते. मी द्यायची नाही म्हणून नियम सांगत होते आणि ते आवाज चढवत होते. खोब्रागडे आल्या, त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"काकाजी, बूट कोनं घालून देल्ले?"

"कोनं म्हंजे? म्याच घातले."

"लेसा बी तुमीच बांधल्या?"

"मंग काय कलेक्टर येते बांधाले?"

"इचू चावलेला मानूस गुडघा मोडून लेस नाई बांधत, काकाजी. मोठी गाठ बी मारून राह्यले, वरतून."

गृहस्थ आधी चिडले, मग बसले, मग म्हणाले की गोळी घेतली की झोप लागते, गोळीशिवाय लागत नाही. हेच ऐकायला त्या थांबल्या होत्या. त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं, आणि गोळी हळूहळू कशी सोडायची ते डॉक्टरांनी लिहून दिलं. जाताना ते मला नाही, त्यांना नमस्कार करून गेले. नियम दोघींनी एकच सांगितला होता.

मग माझ्या आईचा उजवा गुडघा ऑपरेशनला निघाला.

आई वकिलाची बायको, भटजींची मुलगी. तिच्या स्वयंपाकघराचा उंबरा कोणी ओलांडायचा आणि कोणी नाही, हे तिने आयुष्यभर ठरवलं. मी इन्चार्ज असलेल्या वॉर्डात ती येणार म्हणून मी दोन दिवस आधीपासून चादरी तपासत होते. ऑपरेशन सकाळी झालं. दुपारी पाहते तर ती खोब्रागडेंच्या हातचा चहा बशीत ओतून पीत होती आणि त्यांना "कावेरी" म्हणत होती. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, त्यांचं नाव कावेरी आहे हे मला हजेरीपटावरून माहीत होतं, इतकंच. आईचं उंबऱ्याचं खूळ सुटलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

संध्याकाळी बधिरता उतरायची वेळ झाली. मी विचारलं, "आई, किती दुखतंय?"

"ठीक आहे ग."

"आकडा सांग."

"ठीक आहे म्हटलं ना."

मी तीन लिहून बाहेर आले. पाच मिनिटांत खोब्रागडे माझ्या टेबलाशी. "मॅडम, आईले इचू हाय."

मी तरातरा आत गेले. "मला का नाही सांगितलंस?"

आई डोळे मिटूनच म्हणाली, "तुला सांगितलं की तू पळापळ करशील. घरी-दारी तुझ्या डोक्याला कमी का ताप आहे? तिला सांगायला काय, ती परकी."

आज ते वाक्य लिहिताना मला त्यातली माया दिसते. तेव्हा दिसली नाही. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं, की माझी आई मला खोटं सांगते आणि त्यांना खरं.

डॉक्टरांनी अर्ध्या कुपीचा आदेश दिला. आम्ही दोघींनी कुलपं उघडली. खोब्रागडे सिरिंज घ्यायला वळल्या तेव्हा मी म्हटलं, "मी देते. माझी आई आहे. तुम्ही पाच नंबरला बघा."

"उरलेलं टाकाले थांबतो ना मी."

"जा म्हटलं ना."

त्या गेल्या. मी औषध दिलं, आईच्या कपाळावरची आठी सैल होईपर्यंत उभी राहिले आणि उरलेलं एकटीनेच बेसिनमध्ये सोडलं. मग ट्रेमधलं सगळं, सुई, कापूस, काच, रोजच्या हाताच्या सवयीने सुयांच्या डब्यात टाकलं. कुपी त्यातच गेली. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. पाळी संपताना खोब्रागडेंनी वहीतली रिकामी जागा पाहिली.

"मॅडम, उरलेलं टाकलं ना?"

"टाकलं."

त्यांनी सही केली.

आई पाचव्या दिवशी घरी गेली. त्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी वही आणि रिकाम्या कुप्या जुळवून पाहिल्या. एक कुपी कमी. त्या आठवड्यात सहा पेशंटना औषध दिलं होतं, सगळ्या ओळींवर दोन-दोन सह्या होत्या, आणि कुप्यांवर काही पेशंटचं नाव नसतं. डॉक्टरांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. त्यांचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता. कुपी उरलेल्या औषधासकट बाहेर गेली असेल तर परवानगी जाणार, आणि त्याहून वाईट, ती कोणाच्या तरी हाताला लागलेली असणार.

"प्रत्येक वेळी उरलेलं टाकताना दोघींनी डोळ्यांनी पाहिलं का?"

त्या क्षणी मला ट्रे आठवला. काचेचा बारीक आवाजही आठवला. मी तोंड उघडायच्या आत खोब्रागडे म्हणाल्या, "नाई, सर. एक सही म्या न पाह्यता केली."

"कोणत्या पेशंटची?"

त्यांनी वहीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. "ते ज्यानं टाकलं तेच सांगन. माह्याकडून सही चुकली, ते मी सांगतलं."

"सिस्टर, हे गंभीर आहे. तुमच्या रजिस्ट्रेशनवर येऊ शकतं."

"येऊ द्या. पन कपाट बंद नका करू, सर."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "जोशी मॅडम, नियमांच्या बाबतीत तुम्ही पक्क्या. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "चौकशी व्हायला हवी."

हे वाक्य मी म्हटलं. घाबरून म्हटलं असं मी बराच काळ स्वतःला सांगत आले. घाबरले होतेच. पण त्या भीतीखाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला चांगली ओळखीची होती : एकदा तरी या बाईचं चुकलेलं सगळ्यांना दिसू दे.

डॉक्टरांनी दुपारी बारा वाजता दोन्ही किल्ल्या काढून घेतल्या आणि उलगडा होईपर्यंत कपाट बंद केलं. चार नंबरवर त्याच सकाळी दोन्ही गुडघे बदललेल्या एक बाई होत्या. त्यांना अल्सर, म्हणून नेहमीच्या बऱ्याचशा गोळ्या चालत नव्हत्या. पाचच्या सुमाराला त्यांचं कण्हणं माझ्या टेबलापर्यंत यायला लागलं. खोब्रागडे बाहेर आल्या.

"जोशी मॅडम, चार नंबरले इचू हाय."

"कपाट बंद आहे."

"मले माईत हाय."

एवढं बोलून त्या आत गेल्या, बर्फाच्या पिशव्या बदलायला. ओरडल्या नाहीत, टोमणा मारला नाही. ओरडल्या असत्या तर मी भांडले असते आणि तो दिवस निभावून नेला असता. दारातून मला त्या दिसत होत्या. बाईंचा हात त्यांच्या मनगटावर होता आणि नखं रुतलेली होती. त्या हात सोडवून घेत नव्हत्या.

मी उठले आणि डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. आई, ट्रे, सुयांचा डबा. तो डबा दोन दिवसांपूर्वीच कचऱ्याच्या गाडीत गेला होता, त्यामुळे माझ्या शब्दापलीकडे पुरावा काही नव्हता. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग घड्याळाकडे पाहिलं.

"खोब्रागडे सिस्टर दुपारी म्हणाल्या होत्या, संध्याकाळपर्यंत थांबा, कळेल. कोणाकडून ते नाही सांगितलं."

म्हणजे मी खरं केव्हा बोलणार, तेही या बाईने आधीच ओळखून ठेवलं होतं. खरं सांगितल्याचं जे काही थोडं समाधान मिळणार होतं, तेसुद्धा त्यांच्याच नावावर गेलं. लाज वाटायच्या आधी मला हे वाटलं, हे लिहून ठेवते.

कपाट उघडलं. चार नंबरच्या बाई सात वाजेपर्यंत बोंडावर आल्या. माझं निवेदन वहीला जोडलं गेलं, मला लेखी समज मिळाली, आणि न पाहता सही केली म्हणून खोब्रागडेंनाही. दोघींच्या कागदावरचे शब्द सारखेच होते. त्यांनी तो कागद चार घड्या घालून चष्म्याच्या डबीत ठेवला आणि कामाला लागल्या. मला वाटलं, त्या काही बोलतील. आठ दिवसांनी एवढंच म्हणाल्या, "आईचा गुडघा कसा हाय?"

चार-पाच महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. त्यांची आई थकली, भावाकडे अकोल्याला असते, तिथेच एका दवाखान्यात काम मिळालं, असं सांगितलं. ते खरं होतं. तेवढंच कारण होतं का, हे मी विचारलं नाही. निरोपाच्या दिवशी तीन जुने पेशंट आपल्या पायांनी चालत आले होते. मी निवृत्त होईन तेव्हा एकही येणार नाही.

त्यांच्यानंतर मीही स्टुलावर बसून विचारायला लागले. मुंगी का बोंड, बाभूळ का विंचू. शब्द तेच. उपयोग होतो, नाही असं नाही. पण परतवाड्याच्या एका बाईने एकदा तोंडावर सांगितलं, "ह्ये तं त्या बुटक्या सिस्टर इचारत होत्या. त्या कुटं गेल्या?"

आणि आईचा दुसरा गुडघा. डॉक्टर आमचे, वॉर्ड आमचा, लेक इन्चार्ज. आई म्हणाली, "डावा मी अकोल्याला करणार. कावेरी आहे तिथे." मी दोन आठवडे भांडले. शेवटी गेल्या महिन्यात बडनेरा स्टेशनवरून तिला गाडीत बसवून मीच घेऊन गेले.

ऑपरेशनच्या संध्याकाळी थर्मास घेऊन मी तिथल्या ड्यूटी-रूमवरून जात होते. दाराला अर्धी काच आहे. आत खोब्रागडे बेसिनपाशी उभ्या होत्या, केस बरेच पांढरे झालेले, चष्मा त्याच पट्टीने अडकवलेला. एक नवी सिस्टर सिरिंजमधलं उरलेलं औषध सोडत होती.

"झालं, मॅडम," मुलगी म्हणाली.

"थांब." खोब्रागडेंनी सिरिंज हातात घेतली, दिव्यासमोर धरली, पुन्हा बेसिनवर नेऊन दट्ट्या शेवटपर्यंत दाबला. एक थेंब पडला. कुपी उचलून डब्यात ठेवली, मुलीला दाखवून. मग वही ओढली.

"मी खोटं बोलीन का, मॅडम?" मुलगी हसत म्हणाली.

"तू नाई बोलनार वं," त्या म्हणाल्या. "पन मी पाह्यल्याशिवाय सही नाई करत."

सही करून मान वर केली तेव्हा काचेतून मी दिसले. त्यांनी हात हलवून आत बोलावलं, अगदी मनापासून. मी थर्मास उंच करून दाखवला, चहा आणायचाय अशी खूण केली, आणि जिन्याकडे वळले.